घरामागच्या शेडमध्ये हौसेने गाडीकाम करतो, विमा नेमका कशाचा आणि कसा घ्यावा?

कार्ब्युरेटरवाला

नमस्कार मंडळी. घरामागे माझी वेगळी शेड आहे, विटांच्या भिंती आणि वर पत्रा. तिथे दोन गाड्या असतात. एक रोजच्या वापरातली. दुसरी जुनी, सध्या पूर्ण उघडलेली आहे: इंजिन स्टँडवर, गिअरबॉक्स बाकावर, दरवाजे भिंतीला टेकवलेले, काचा ब्लँकेटमध्ये गुंडाळून माळ्यावर. शिवाय एअर कॉम्प्रेसर, मिग वेल्डिंग मशिन, ग्राइंडर, इंजिन उचलायची क्रेन आणि भिंतभर हत्यारं. आता टू-पोस्ट लिफ्टही (दोन खांबांवर गाडी उचलून धरणारी) बसवायची आहे.

हा धंदा नाही. सुट्टीच्या दिवशी दोघं-तिघं मित्र आपापल्या गाड्या घेऊन येतात, आम्ही मिळून ऑइल बदलतो, ब्रेक करतो. ऑइल-फिल्टरचे पैसे ज्याचे तो देतो.

एक एजंट म्हणतो, घराच्या पॉलिसीत हे सगळं आपोआप येतं. दुसरा म्हणतो, गॅरेजवाल्यांची धंद्याची पॉलिसीच घ्यावी लागेल. दोघंही फोनवरच बोलतात, लिहून कोणी देत नाही. ह्यात खरं कोणाचं? आणि कंपनीला मी नेमकं काय विचारू?

पाना_बारातेरा

माझ्या शेडमध्ये चोरी झाली होती, म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो.

कुलूप शाबूत होतं. चोरांनी कोयंड्याचे स्क्रू बाहेरून फिरवून काढले आणि कोयंडा कुलपासकट खाली ठेवला. दार उघडताना खरचटल्याची खूणसुद्धा नव्हती. पॉलिसीत ‘बळजबरीने प्रवेश केल्याच्या खुणा’ अशी अट होती आणि कंपनीशी सगळा वाद त्यावरच झाला. शेवटी जमिनीवर पडलेले स्क्रू आणि चौकटीतली भोकं ह्यांचे त्याच सकाळी काढलेले फोटो कामी आले.

चोरी मान्य झाली, तरी पैसे कमीच मिळाले. घराच्या पॉलिसीत मुख्य घराबाहेरच्या शेडमधल्या सामानाला वेगळी मर्यादा होती, घरातल्या सामानापेक्षा बरीच खालची. त्यात आणखी एका वस्तूला जास्तीत जास्त किती, हेही ठरलेलं. टॉर्क रेंच, पुलर, व्हॉल्व्ह स्प्रिंग कॉम्प्रेसर असली हत्यारं एकेक करून जमवलेली असतात, त्यांची बिलं कुठून आणणार?

तर आजच दोन कामं करा. कोयंड्याला स्क्रूऐवजी आरपार बोल्ट टाका आणि नट आतून आवळा. आणि प्रत्येक ड्रॉवर उघडून वरून फोटो काढा, हत्यारांवरचे नंबर वाचता येतील असे. फोटो शेडमधल्या कॉम्प्युटरवर ठेवू नका.

जुना_सर्व्हेअर

नुकसानीची पाहणी करण्यात माझी नोकरी गेली. जळालेल्या, फोडलेल्या, पाणी शिरलेल्या शेड भरपूर पाहिल्या, आणि हौसेने काम करणाऱ्यांचं नुकसान पाहताना मला नेहमीच जास्त वाईट वाटायचं, कारण त्यातलं निम्मं सामान पैसे देऊनही परत मिळत नाही. त्यामुळे सविस्तर लिहितो.

तुमचे दोन्ही एजंट पॉलिसीच्या नावावर भांडताहेत. क्लेम त्याच्यावर अडत नाही. शेडमध्ये काय चालतं हे कंपनीला आधी माहीत होतं का, आणि ते माहीत असल्याचा कागद तुमच्याकडे आहे का, ह्यावर अडतो. फोनवर ‘आपोआप येतं’ म्हणणारा माणूस क्लेमच्या वेळी समोर नसतो.

हे तत्त्व फार जुनं आहे. १७६६ साली लंडनला लॉर्ड मॅन्सफिल्ड ह्यांच्यापुढे कार्टर विरुद्ध बोहम असा खटला चालला. सुमात्रातला फोर्ट मार्लबरो हा किल्ला परक्यांनी घेतला तर भरपाई, असा तो विमा होता. फ्रेंचांनी किल्ला घेतला तेव्हा विमा देणारा म्हणाला, किल्ला इतका दुबळा आहे हे मला सांगितलंच नव्हतं. निकाल दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखा आहे. जे फक्त एकाच पक्षाला ठाऊक आहे ते त्याने लपवता कामा नये. पण जे विमा देणाऱ्याला ठाऊक होतं किंवा ठाऊक असायला हवं होतं, त्याबद्दल त्याला नंतर तक्रार करता येणार नाही. म्हणून तिथे विमा घेणाराच जिंकला. पुढे काही देशांनी सामान्य ग्राहकावरचा हा भार हलका केला. इंग्लंडमध्ये २०१२ च्या कायद्याने कंपनीने विचारलेल्या प्रश्नांची नीट, काळजीपूर्वक उत्तरं देणं एवढंच ग्राहकावर आलं. सगळीकडे तसं नाही. तुम्ही जिथे असाल तिथला नियम काहीही असो, स्वतःहून लिहून कळवण्यात नुकसान नाही. तुमच्या घरामागे शेड आहे हे कंपनी पाहू शकते. आत मिग चालतं, पेट्रोलची टाकी उतरवली जाते, उद्या लिफ्ट बसणार आहे, हे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे.

आता शेडकडे बघताना चार वेगळ्या गोष्टी बघा, कारण त्या चारही सहसा एका पॉलिसीत बसत नाहीत. भिंती आणि पत्रा ही इमारत. बाक, हत्यारं, कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशिन हे सामान. गाड्या हा तिसरा प्रकार. आणि चौथी गोष्ट म्हणजे तुमच्या जागेत दुसऱ्याला इजा झाली तर तुमच्यावर येणारी जबाबदारी. इमारतीवर फार वेळ घालवू नका, शेड घराच्या पॉलिसीत नावानिशी लिहिली आहे का आणि भिंत-छत कशाचं आहे हे बरोबर नोंदलंय का, एवढं बघितलं की झालं. बहुतेक गोंधळ उरलेल्या तीन ठिकाणी होतो.

सामानाचं सांगतो. लोक हप्ता वाचवायला सामानाची किंमत कमी लिहितात, आणि म्हणतात, सगळंच थोडंच जाणार आहे? पण बऱ्याच पॉलिसींत अपुऱ्या विम्याचं कलम असतं. समजा शेडमधलं सामान खरं तर १०० चं आहे आणि तुम्ही विमा ६० चा घेतलाय. आग एका कोपऱ्यात लागली, ३० चं नुकसान झालं. तुम्हाला वाटेल, ३० हे ६० च्या आत आहे, पूर्ण मिळतील. मिळतात १८. कारण तुम्ही साठ टक्केच विमा घेतला, म्हणून प्रत्येक नुकसानीच्या साठ टक्केच कंपनी देते, आणि त्यातूनही तुमच्या वाट्याची ठरलेली रक्कम वजा होते. हे ऐकताना समोरच्या माणसाचा चेहरा कसा उतरतो ते मी अनेकदा पाहिलंय. एक दिवस वही घेऊन बसा, भिंतीच्या डाव्या टोकापासून सुरुवात करा आणि आज नवीन घ्यायला गेलं तर काय पडेल ते लिहीत जा. सॉकेटचे सेट, ड्रिल बिट, क्लॅम्प ह्यांची बेरीज माणसाच्या अंदाजाच्या पुष्कळ पुढे जाते.

त्याच वेळी हेही विचारा की भरपाई नव्याच्या किमतीने आहे की घसारा वजा करून. घसारा असेल तर जुना पण उत्तम चाललेला कॉम्प्रेसर कागदावर जवळपास भंगार ठरतो.

कार्ब्युरेटरवाला

सर्व्हेअर साहेब, मनापासून आभार. साठ-तीस-अठराचं गणित मला कोणीच सांगितलं नव्हतं.

तीन गोष्टी अजून स्पष्ट करून द्याल का? उघडलेल्या गाडीचं इंजिन स्टँडवर आहे, ते गाडी धरायचं की सामान? मित्राची गाडी माझ्या लिफ्टवरून घसरली तर? आणि मित्रांपैकी एकजण मेहनतीचे पैसे घेच म्हणून मागे लागलाय. घेतले तर काय बिघडतं?

तारजोडणी

साहेब उत्तर देतीलच, त्याआधी मी माझ्या विषयाचं सांगते. मी वायरिंगची कामं घेते, आणि हौशी शेडमध्ये मला एकच चित्र परत परत दिसतं: घरातून आणलेली एक केबल, तिच्या टोकाला एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशिन आणि बॅटरी चार्जर एकत्र. कॉम्प्रेसरची मोटर सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट ओढते. गुंडाळलेली एक्स्टेन्शन केबल त्या भाराने आतल्या आत तापते, कारण उष्णतेला बाहेर पडायला जागा नसते. शेडला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र ब्रेकर आणि करंटची गळती झाली की वीज तोडणारं उपकरण लावून घ्या. काम करणाऱ्याकडून चाचणीचा कागद घ्या. विमा कंपनीला द्यायला ह्याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही.

पिट, म्हणजे गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा, खणायचा विचार असेल तर जास्त काळजी घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून वाहत खड्ड्यात जाऊन बसते. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपाससुद्धा पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, त्यामुळे थंडी आहे म्हणून भीती नाही असं समजू नका. पिटमध्ये साधा हँडलॅम्प सोडायचा नाही. चार्ज होणाऱ्या ॲसिडच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो उलट वर जाऊन पत्र्याखाली साठतो. म्हणजे हवा खालूनही खेळायला हवी आणि वरूनही.

चिंध्यांबद्दल. सगळ्या तेलकट चिंध्या आपोआप पेटतात असं म्हणतात, ते सरसकट खरं नाही. इंजिन ऑइलच्या चिंध्या सहसा स्वतःहून तापत नाहीत. जवस तेल आणि ते असलेली वार्निश, लाकडी फळ्यांना लावायची तेलं, ही मात्र वाळताना उष्णता सोडतात आणि बोळा करून टाकलेली चिंधी काही तासांनी खरोखर पेटते. अशा चिंध्या पसरून वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात ठेवा.

जुना_सर्व्हेअर

ताईंनी लिहिलंय ते छापून शेडच्या दाराला लावावं इतकं नेमकं आहे. त्यात वेल्डिंगची भर घालतो. शेडमधली आग बहुतेक वेळा काम चालू असताना दिसतच नाही. ठिणगी सीटच्या फोममध्ये किंवा दाराच्या अस्तरात शिरते, धुमसत राहते, माणूस हात धुऊन जेवायला जातो आणि मग पेटते. म्हणून कंपन्या अट घालतात की वेल्डिंग, ग्राइंडिंग, कटिंग झाल्यावर ठरावीक वेळ तिथेच थांबून लक्ष ठेवायचं. अमेरिकेतल्या एनएफपीए ह्या अग्निसुरक्षेच्या संस्थेच्या ५१बी ह्या मानकात तो वेळ आधी अर्धा तास होता, २०१९ च्या आवृत्तीत एक तास केला. तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते शोधा, आणि काहीच लिहिलं नसेल तरी एक तास धरा. गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर पेट्रोलची टाकी आधी उतरवून शेडबाहेर ठेवा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात.

ॲसिटिलीनचा (गॅस वेल्डिंगच्या गॅसचा) सिलिंडर वापरत असाल तर तो उभाच बांधून ठेवायचा. आत ॲसिटोन असतं, आडवा ठेवला तर ते गॅसबरोबर बाहेर येतं. सिलिंडर आहे हे कंपनीलाही कळवा आणि दारावर बाहेरून दिसेल अशी पाटी लावा. आग विझवायला आलेल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

आता तुमचे तीन प्रश्न.

इंजिन. हा खरोखर अधांतरी लटकलेला मामला आहे. घराच्या पॉलिसीतून बऱ्याचदा मोटारगाड्या आणि त्यांचे सुटे भाग दोन्ही वगळलेले असतात. गाडीची पॉलिसी काढावी तर तिच्यात गाडीला जोडलेले भाग धरतात, उतरवलेल्यांबद्दल प्रत्येकाचं वेगळं. मी एक जळालेली शेड पाहिली होती. गाडीचा सांगाडा एका बाजूला, इंजिन दुसऱ्या बाजूच्या बाकावर, सिलिंडर हेडचं ॲल्युमिनियम वितळून बाकाच्या पायाशी थिजलेलं. सांगाड्याचे पैसे देण्याची तयारी होती. त्या हेडवर मालकाने सगळ्यात जास्त कष्ट घेतले होते, आणि नेमकं तेच दोन पॉलिसींच्या फटीत अडकलं. तुम्ही विचारा: ‘दुरुस्तीसाठी उतरवून त्याच शेडमध्ये ठेवलेले भाग धरले आहेत का?’ हो असेल तर ते वाक्य पॉलिसीवर एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली लेखी भर, म्हणून लिहून मागा. जुन्या गाड्यांसाठी खास पॉलिसी देणाऱ्या कंपन्यांकडे हे मिळण्याची शक्यता जास्त. त्यांच्याकडे गाडीची किंमत आधीच ठरवून पॉलिसीत घालण्याचीही सोय असते. तसं नसेल तर त्या दिवशीचा बाजारभाव लागतो, आणि अर्धवट उघडलेल्या गाडीचा बाजारभाव काढताना तुम्ही ओतलेली मेहनत कोणी मोजत नाही. ठरलेली किंमतही गोठवून ठेवू नका. इंजिन बांधून झालं, रंग झाला, की फोटो आणि बिलं पाठवून वाढवून घ्या.

मित्राची गाडी. तिची स्वतःची पॉलिसी असेल, पण ‘दुसऱ्याच्या ताब्यात दुरुस्तीला असताना’ तिला संरक्षण आहे का ते त्याला बघायला सांगा. तुमच्या बाजूने पाहिलं तर घराच्या पॉलिसीतला जबाबदारीचा भाग साधारणपणे तुमच्या ताब्यात असलेल्या परक्या वस्तूंचं नुकसान देत नाही. म्हणजे लिफ्टवरून गाडी घसरून शेजाऱ्याची भिंत पडली तर भिंतीचे पैसे कदाचित मिळतील, गाडीचे मिळणार नाहीत. मित्राच्या पायाला लागलं तर तो वेगळा मुद्दा, तो जबाबदारीच्या भागात येऊ शकतो. पण घरातली माणसं त्यातून सहसा वगळलेली असतात. लिफ्ट बसवल्यावर बसवणाऱ्याचा दाखला, जमिनीच्या काँक्रीटची जाडी आणि पुढच्या तपासण्यांची नोंद हे एकाच फाइलमध्ये ठेवा. ते नसेल तर कोणताही सर्व्हेअर पहिला प्रश्न तोच विचारेल.

आणि मेहनतीचे पैसे. घेऊ नका. हे मी पुन्हा लिहितो कारण जीव तोडून सांगावंसं वाटतं: घेऊ नका. ऑइलचे पैसे ऑइलवाल्याला गेले, तो खर्चाचा वाटा झाला. मेहनतीचे पैसे तुमच्या खिशात आले की कंपनीला ‘इथे धंदा चालतो’ म्हणायला जागा मिळते, आणि घरगुती पॉलिसीतला धंद्याचा अपवाद पूर्ण शेडवर लागू होतो. मित्राच्या गाडीशी काहीही संबंध नसलेल्या आगीच्या क्लेममध्येसुद्धा हा मुद्दा निघू शकतो. दुसरं म्हणजे ब्रेकचं काम. तुम्ही मित्राचे कॅलिपर बसवून दिले आणि पुढे रस्त्यावर अपघात झाला, तर केलेल्या कामातल्या दोषाची जबाबदारी घरगुती पॉलिसीत जवळपास कधीच नसते. ती गॅरेजवाल्यांच्या पॉलिसीत असते, आणि तिच्यासाठी धंदा नोंदलेला लागतो. मित्राला त्याच्या गाडीचे ब्रेक त्याच्या हाताने करू द्या, तुम्ही शेजारी उभे राहून सांगा.

पाना_बारातेरा

एक विचारतो. मी दरवर्षी एखादी जुनी गाडी घेतो, नीट करतो, विकतो. हौसच आहे, नफ्यासाठी करत नाही. हेही धंद्यात मोजतील?

जुना_सर्व्हेअर

मोजू शकतात. विकण्यासाठी घेतलेली गाडी आणि स्वतःसाठी ठेवलेली गाडी ह्यांत कंपन्या फरक करतात, नफा झाला की नाही हा त्यांचा प्रश्न नसतो. तुम्ही तर आधी कळवा आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत पुढची गाडी घेऊ नका.

कार्ब्युरेटरवाला

सगळं वाचून कंपनीला पाठवायचा मजकूर तयार केलाय. चुकत असेल तर सांगा.

‘माझ्या घरामागील स्वतंत्र शेडमध्ये (विटांच्या भिंती, पत्र्याचे छत) मी स्वतःच्या दोन गाड्यांची देखभाल हौस म्हणून करतो. मोबदला घेत नाही. तिथे एअर कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग मशिन आहे; कधीकधी वेल्डिंग केले जाते. मित्र अधूनमधून स्वतःच्या गाड्यांवर काम करतात. टू-पोस्ट लिफ्ट बसवण्याचा विचार आहे. एका गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स, दरवाजे व काचा उतरवून त्याच शेडमध्ये ठेवल्या आहेत. सोबत सामानाची यादी, फोटो व वायरिंगच्या चाचणीचा दाखला जोडत आहे. माझ्या सध्याच्या पॉलिसीत यातले काय येते, काय येत नाही आणि कोणत्या अटींवर येते, हे लेखी कळवावे.’

जुना_सर्व्हेअर

छान लिहिलंय. ‘कधीकधी’ काढा. कोणतं वेल्डिंग, शेडमध्ये की बाहेर, सिलिंडर कोणते आणि किती, अग्निशामक कुठे टांगलाय, हे लिहा. पेट्रोल किती आणि कशात साठवता तेही घाला. ‘अधूनमधून’ सुद्धा मोघम आहे, साधारण किती गाड्या येतात आणि रात्री शेडमध्ये राहतात का ते लिहा. लिफ्टबद्दल ‘विचार आहे’ असं ठेवा, पण बसवण्याआधी पुन्हा कळवीन असं वाक्य जोडा आणि खरोखर कळवा.

पाठवताना पोचपावती मिळेल अशा पद्धतीने पाठवा. उत्तर आलं की त्यातली अटींची ओळ न ओळ इथे टाका, नाव-नंबर झाकून. एकेक अट बघू आणि जी तुम्हाला पाळणं शक्य नाही ती सही करण्याआधीच बदलून मागू.

तारजोडणी

वायरिंगच्या दाखल्यावर शेडचा वेगळा उल्लेख आहे ना तेवढं बघा. बऱ्याचदा फक्त घराचा पत्ता असतो आणि शेडची लाइन तपासलीय हे कुठेच दिसत नाही.

कार्ब्युरेटरवाला

बघितलं, उल्लेख नव्हता. ज्यांनी तपासणी केली त्यांना आत्ताच फोन केला, उद्या सकाळी येऊन शेडचा वेगळा कागद देतो म्हणालेत. तो हातात आला की पत्र पाठवतो.